गवतातली रेशमी फीत

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही उभयता लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सॅन मटेओ परगण्यात तिचे घर आहे. पोचल्यावर चहा व्हायच्या आतच अकरा वर्षांच्या नातवाने मला हाताला धरून आपल्या खोलीत नेले आणि म्हणाला, ‘‘आजोबा, घाबरू नका हं. ही चकली.’’

चकली म्हणजे काचेच्या पेटीत वेटोळे घालून बसलेली एक सापीण होती.

घाबरू नका असे कुणी सांगितले की माणूस आधी घाबरतो. मी दाराच्या चौकटीतच थांबलो. मागून आलेल्या सौ.ने एकदा आत डोकावून पाहिले आणि ‘‘या खोलीत मी पाऊल टाकणार नाही,’’ असे जाहीर करून ती स्वयंपाकघराकडे वळली. तीन महिने मुक्काम करायचा होता आणि पहिल्या अर्ध्या तासातच घराची अशी फाळणी झाली.

दोन-तीन दिवसांनी मी पेटीजवळ खुर्ची ओढून बसण्याइतपत धीट झालो. चकली साधारण दोन फूट लांब, करंगळीएवढी जाड. काळपट हिरवट अंगावर काळ्या ठिपक्यांच्या चौकटी, पाठीच्या मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली नारिंगी रेघ आणि दोन्ही कुशींना एकेक फिकट पिवळी रेघ. पैठणीच्या काठाला विणकराने धरलेली सरळ रेघ असते ना, तशी. ती हलली की रेघा हलतात असे वाटतच नाही, साप मात्र पुढे गेलेला असतो. मी बघत राहिलो, आणि मग एकाएकी लक्षात आले की हे अंग आपण पूर्वी पाहिले आहे.

गोष्ट १९८८ सालची. बँकेत अधिकारी म्हणून लागून मला थोडेच दिवस झाले होते आणि कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. जुलैतला धो धो पाऊस, कौलारू इमारत. सकाळी स्ट्राँग रूमच्या दाराशी शिपाई ओरडला, ‘‘जनावर! जनावर!’’ कोकणात सापाला साप म्हणत नाहीत. उंबऱ्याला लागून हातभर लांबीचा एक पट्टेरी साप अंग चोरून बसला होता. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी साहेब होतो. सत्ताविसाव्या वर्षी साहेब असलेल्या माणसाला आपण भ्यालो हे दाखवता येत नाही. मी म्हणालो, ‘‘मारा.’’ शिपायाने दाराचा अडसर उचलला. दोन घावांत काम झाले. मरताना त्या सापाने अंग फुगवले तेव्हा खवल्यांच्या मधली कातडी निळी दिसली, ते मला अजून आठवते. पीककर्जाच्या कामासाठी आलेला एक म्हातारा शेतकरी बाकावर बसून हे सगळे बघत होता. तो एवढेच म्हणाला, ‘‘सायब, नानेटी ती. ती काय करत नाय.’’

त्याचे कर्ज मी त्याच आठवड्यात मंजूर केले. दोन गोष्टींचा संबंध नव्हता, पण माझ्या मनात तो जोडला गेला आहे.

चकलीकडे बघताना मला ती नानेटी आठवली, आणि ही आठवण अगदीच अस्थानी नव्हती असे पुढे कळले. आपली नानेटी आणि तिकडचा गार्टर साप हे प्राणिशास्त्रात एकाच उपकुळातले. दूरचे का होईना, नाते आहे. दोघेही पाण्याच्या, गवताच्या आसऱ्याने राहणारे, बेडकांवर जगणारे, माणसाच्या वाटेला न जाणारे. फरक असा की नानेटीच्या पाठीवर दोन पट्टे असतात, चकलीच्या अंगावर तीन. आणि नानेटी अंडी घालते, तर गार्टर साप जिवंत पिल्लांना जन्म देतो.

गार्टर म्हणजे पायमोजे घसरू नयेत म्हणून गुडघ्याखाली बांधायची पट्टी. पूर्वीच्या पुरुषांच्या या पट्ट्या रंगीत आणि रेघारेघांच्या असत, त्यावरून या सापाला हे नाव पडले. ‘गार्टर’ हा शब्द ऐकण्यात चूक होऊन अनेक अमेरिकन त्याला ‘गार्डन साप’ म्हणतात आणि ती चूक फारशी चूकही नाही, कारण परसातल्या बागेत गोगलगायी आणि गांडुळे टिपत हिंडणे हे त्याचे आवडते काम. शास्त्रीय नाव ‘थॅम्नोफिस’, म्हणजे झुडपातला साप. कॅनडापासून मध्य अमेरिकेपर्यंत त्याच्या पस्तीसच्या आसपास जाती पसरल्या आहेत. व्हर्जिनिया राज्याने तर २०१६ मध्ये पूर्वेकडच्या गार्टर सापाला आपला राज्य-साप म्हणून मान दिला. त्याच्या लाळेत सौम्य विषारी द्रव्य असते, पण त्याने बेडकाचे जे होईल ते माणसाचे होत नाही. फार तर थोडी खाज, थोडी सूज. त्याचे खरे अस्त्र वेगळे आहे, त्याकडे मी पुढे येणार आहे.

चकली आली होती शेजारच्या घरातून. तिथे एक निवृत्त शाळामास्तर राहतात. त्यांच्या एका खोलीत भिंतीला लागून सात काचपेट्या मांडलेल्या आहेत आणि सगळ्यांत अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशातले, म्हणजे प्रेअरीतले गार्टर साप. चकली त्यांच्याच एका मादीचे पिल्लू. या एकाच जातीत किती रंग असावेत! एक विटकरी लाल, एक राखाडी, एक तर शहाळ्यातल्या मलईसारखा पांढरा, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. मास्तरांनी चित्रांचे एक जाड पुस्तक काढून बाकीच्या जातीही दाखवल्या. फ्लोरिडाकडचा निळसर झाक असलेला, ओरेगनचा काळ्या अंगावर लाल ठिपक्यांचा, आणि पूर्वेकडच्या जातीत क्वचित निपजणारा, निखाऱ्याच्या रंगाचा. मी आयुष्यभर नोटा मोजल्या. कुठल्याही नोटेवर मी असे रंग पाहिले नाहीत.

हे रंग केवळ शोभेचे नाहीत. सरळ धावणाऱ्या रेघेचा वेग डोळ्याला ठरवता येत नाही, म्हणून झडप घालणारा पक्षी चुकतो. ठिपक्यांचा साप मात्र थांबला की पाचोळ्यात विरून जातो. अमेरिकेच्या वायव्येकडच्या एका गार्टर जातीत शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात असे आढळले की पट्टेवाले साप सरळ पळ काढतात, आणि ठिपकेवाले साप मध्येच उलट वळून थबकतात. ज्याच्या अंगावर जे वस्त्र, त्याची चालही त्याला शोभेल अशी. हे कुणी शिकवलेले नसते, जन्मतःच असते.

हा छंद बाहेरून वाटतो तेवढा बेफिकिरीचा नाही. मी बँकेतला माणूस असल्यामुळे मला पहिली आवडली ती नातवाची वही. तारीख, काय खाल्ले, किती खाल्ले, कात केव्हा टाकली, वजन किती, शेवटी शेरा. आमच्या रोजकीर्दीला लाजवील अशी. पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवायची, दुसरी एकवीस-बावीसवर गार. साप आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातो. पाण्याचे पसरट भांडे, लपायला जागा, खाली लाकडाचा भुगा, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घट्ट बसणारे झाकण. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर दुधी निळसर पडदा येतो, तेव्हा त्याला हात लावायचा नाही. नीट सांभाळला तर हा साप दहा वर्षेही जगतो. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाने घेतलेली जबाबदारी तो कॉलेजात जाईपर्यंत टिकवायची असते. आमच्याकडे मुदत ठेवसुद्धा लोक इतकी वर्षे ठेवत नाहीत.

खाण्याचा प्रश्न आमच्यासारख्या शाकाहारी घरात नाजूक होता. गांडुळे, मासे, आणि मोठे झाल्यावर बर्फातली उंदराची पिल्ले, कोमट पाण्यात नरम करून. मासा म्हणजे कुठलाही मासा नव्हे. सोनमाशासारख्या काही माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. तेच खाऊ घातले तर सापाला झटके येऊन तो मरतो, आणि मासा गोठवल्यानेही ते द्रव्य जात नाही. गांडुळांतही खताच्या खड्ड्यात वापरतात ती लाल गांडुळे चालत नाहीत. हौसेने साप आणणारे कितीतरी लोक न कळता त्याला अशा खाण्यानेच मारतात, असे मास्तर म्हणाले. सौ.ला फ्रीजरमध्ये पुरणपोळ्यांच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात ती पुडी सापडली त्या दिवशी घरात मोठा प्रसंग झाला. ‘‘नागपंचमीला आपण चिरत नाही, कापत नाही, तवा ठेवत नाही. आणि इथे फ्रीजरमध्ये उंदीर!’’ तिला उत्तर देण्याची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी जावयाने गॅरेजमध्ये छोटा फ्रीज आणून ठेवला.

मला मात्र एक प्रश्न छळत राहिला. कुत्रा ओळखतो, मांजर निदान ओळखल्यासारखे करते; साप कुणाला ओळखतो? मग या प्रेमाची परतफेड कोण करणार? नातवाने मला एका प्रयोगाची हकिगत सांगितली. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात गार्टर सापांची चाळीस पिल्ले एकत्र ठेवून, डोक्यावर रंगाचे ठिपके देऊन त्यांचे निरीक्षण केले गेले. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रोज दोनदा त्यांना उचलून जागा बदलल्या तरी काही पिल्ले पुन्हा पुन्हा त्याच सोबत्यांजवळ जाऊन बसत. काही धीट होती, काही बुजरी. म्हणजे सापालाही आवडनिवड असते. ‘‘पण तिला मी आवडतो की नाही, ते माहीत नाही,’’ नातू म्हणाला, ‘‘मला ती आवडते, तेवढं पुरे आहे.’’ अकराव्या वर्षी त्याला जे उमगले ते उमगायला माझी अर्धी हयात गेली होती.

आणि मग जूनमधला तो दिवस आला. लेक-जावई कचेरीत, नातू उन्हाळी वर्गाला. सकाळी पाण्याचे भांडे भरायचे काम मी अंगावर घेतले होते. झाकणाची एक कडी मी लावली, दुसरी राहिली. दुपारी अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातून सौ.ची हाक आली. ओरडणे नव्हे, हाकच. आवाज अगदी खालचा. ‘‘अहो, इकडे या. हळू या.’’ फ्रिजच्या मागे मोटारीची ऊब असते, तिथून चकलीचे डोके आणि वीतभर अंग बाहेर आले होते.

खरे सांगतो, माझी नजर आधी कोपऱ्यातल्या केरसुणीकडे गेली. छत्तीस वर्षे मध्ये जाऊनही हात जुन्याच वाटेने निघाला. सौ.ने ते पाहिले. ती म्हणाली, ‘‘तो चार वाजता घरी येईल. त्याला काय सांगणार आहात?’’

मी गुडघ्यांवर बसलो. नातू करतो तसे, वरून न पकडता, खालून हात सरकवला. सापाचे अंग ओले आणि गिळगिळीत असते ही माझी समजूत होती. ते कोरडे असते, आणि आतून वाहत्या पाण्यासारखे हलते. चकलीने मग आपले खरे अस्त्र काढले. घाबरलेला गार्टर साप शेपटीखालून जे दुर्गंधी द्रव्य सोडतो, त्याचे वर्णन या कौटुंबिक पुरवणीत करता येणार नाही. माझा सदरा कायमचा गेला. पण ती माझ्या हातात होती, मनगटाभोवती एक वेढा घालून, आणि तिचा श्वास माझ्या तळहाताला कळत होता. तिला पेटीत ठेवून मी दोन्ही कड्या लावल्या आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. ज्या खोलीत पाऊल टाकणार नव्हती त्या खोलीत सौ. चहाचा कप घेऊन आली.

संध्याकाळी नातवाने वहीत नोंद केली. ‘पळाली. कारण : झाकण (आजोबा). शोधली : आजी. पकडली : आजोबा.’ चूक कुणाची आणि वसुली कुणाची हे इतक्या स्वच्छपणे लिहिलेला अहवाल मी बँकेच्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला.

त्याच महिन्यात मास्तरांनी आम्हाला दुसरी एक गोष्ट दाखवायला नेले. गार्टर सापांत सर्वांत देखणी मानली जाते ती उपजात तिथलीच, सॅन मटेओ परगण्यातली. तिला सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप म्हणतात. पाठीवर हिरवट निळा रुंद पट्टा, त्याला काळी किनार, मग लाल पट्टा, पुन्हा काळा. पोट समुद्राच्या पाण्यासारखे निळसर आणि डोके केशरी. हा साप १९६७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. त्याच्या पाणथळ जागांवर वसाहती आणि रस्ते झाले, त्याचे खाद्य असलेले बेडूक कमी झाले. आणि वर तो इतका सुंदर की संग्रह करणाऱ्यांनी त्याला चोरून नेले. त्याचे रूप त्याच्या मुळावर आले. आज त्याच्याच देशात हौशी माणसाला तो पाळता येत नाही, पण युरोपात पूर्वी गेलेल्या सापांचा वंश तिथले हौशी लोक पेट्यांत वाढवतात. ज्या डबक्याकाठी तो जन्मला तिथे तो दुर्मिळ, आणि हॉलंडमधल्या एखाद्या दिवाणखान्यात सुखरूप.

आणि त्याची आज माहीत असलेली सर्वांत मोठी वस्ती कुठे असावी? सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाला लागून सुमारे १८० एकरांची कुंपण घातलेली पाणथळ जमीन आहे, तिथे. हजाराहून अधिक साप तिथे आहेत असा अंदाज आहे. त्यांच्या शेजारीच आमचे विमान उतरले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. तिथे कुणाला जाता येत नाही, म्हणूनच ते टिकले.

आम्ही गेलो पॅसिफिका गावाजवळच्या मोरी पॉइंटला. समुद्रकाठच्या त्या टेकडीखाली राष्ट्रीय उद्यान खात्याने मुद्दाम तळी खोदून बेडकांची आणि या सापांची सोय केली आहे. लाकडी वाटेवरून उतरायचे नाही, गवतात शिरायचे नाही. पहिल्या रविवारी आम्ही तीन तास उभे राहिलो आणि काहीच दिसले नाही. दुसऱ्या रविवारी ऊन पडल्यावर तळ्याच्या कडेला गवत हलले, काहीतरी निळे-तांबडे सरकले आणि पाण्यात गेले. दोन-तीन सेकंदांचा खेळ. नातू आनंदाने नाचू लागला. मास्तर मात्र म्हणाले, ‘‘मला खात्रीने सांगता येणार नाही.’’ सही न जुळलेला चेक पास करायचा नाही हा आमचा नियम त्यांनाही ठाऊक असावा. परतताना नातवाने वहीत लिहिले, ‘बहुतेक’.

पाळणे आणि पाहणे यांतले अंतर मला त्या दोन रविवारी समजले. मास्तरांचेही दोन नियम आहेत. पेटीत जन्मलेलाच साप घ्यायचा, रानातला उचलून आणायचा नाही. आणि पेटीतला साप कंटाळा आला म्हणून रानात सोडायचा नाही, कारण तो आपल्याबरोबर रोग नेतो. म्हणजे ज्याला आपण ठेवतो त्याचे शेवटपर्यंत करायचे, आणि जो आपला नाही त्याची जागा राखायची. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाचे ठिकाण आहे. तिथे चुनखडीच्या विवरांतून वसंतात हजारो, हजारो गार्टर साप बाहेर पडतात. ते रस्ता ओलांडताना मोटारींखाली चिरडले जात, म्हणून तिथल्या लोकांनी रस्त्याखालून त्यांच्यासाठी बोगदे केले आणि कडेला कुंपणे घातली. सापासाठी बोगदा! अडसर उचलायला सांगणाऱ्या त्या तरुण साहेबाला हे ऐकवायला हवे होते.

आपल्याकडे हा छंद पेटीत करता येणार नाही, आणि करूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातले साप पकडून घरी ठेवता येत नाहीत, आणि मोरी पॉइंट पाहिल्यावर मला तो कायदा जाचक वाटत नाही. शिवाय आपल्या भूमीत नाग, मण्यार, घोणस, फुरसे आहेत. ओळख पक्की नसेल तर लांब उभे राहावे आणि सर्पमित्राला बोलवावे. अमेरिकेतला धीटपणा इथे जसाच्या तसा आणू नये. पण पाहायला कुणाची मनाई आहे? दिवड आहे, हिरवा गवत्या आहे, नानेटी आहे. पैसा नको, पेटी नको, नजर हवी.

जुलैच्या मध्याला आम्ही पुण्याला परतलो. एका सकाळी पाऊस थांबल्यावर सोसायटीच्या मागच्या भिंतीशी आरडाओरडा ऐकू आला. पहारेकरी काठी घेऊन उभा, चार-सहा माणसे भोवती. मी गेलो. ओल्या गवताच्या कडेला हातभर लांबीची, पिवळ्या दोन पट्ट्यांची नानेटी अंग फुगवून बसली होती आणि खवल्यांच्या मधून तोच निळा रंग दिसत होता. सगळे माझ्याकडे बघू लागले, या वेळी वयामुळे.

मी म्हणालो, ‘‘थांब. नानेटी आहे. ती काही करत नाही.’’

पहारेकऱ्याने काठी खाली केली. मी हात लावला नाही. आम्ही सगळे दोन पावले मागे सरलो, तशी ती पट्ट्यांसकट सरळ गवतात गेली आणि दिसेनाशी झाली. वर येऊन मी नातवाला फोन केला. तिकडे रात्र होती, तरी तो जागा होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही वही केली का?’’

त्याच दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर पहिली नोंद १९८८ सालची आहे. ती लिहायला मला बराच वेळ लागला.